व्यसन डोक्यात घर कसं करतं?

(लोणी काळभोर परिसरातल्या बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी नर्सरीतून नुकतीच घरी आली असेल, कुणी लसूण सोलत बसली असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या.

गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वहीवर सह्या झाल्या, की मग खऱ्या गप्पा सुरू होतात. त्यात एक वाक्य हमखास येतं, "त्यांना कळतं सगळं, पण सुटत नाही." तुकोबारायांची पालखी पुण्याहून निघाली की आपल्या लोणी काळभोरला मुक्कामाला येते. पालखीपुढं हात जोडून दारू सोडायची शपथ घेणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. कुणाची शपथ जन्मभर टिकते. कुणाची पालखी यवतला पोचायच्या आत मोडते. मोडली की आपण म्हणतो, माणसातच दम नाही, बायको-पोरांची माया नाही.

आता हाच प्रश्न स्वतःलाही विचारू. आपल्यातल्या कितीजणी सकाळी उठल्या उठल्या मिश्रीची डबी शोधतात? मिश्री लावली नाही तर डोकं चढतं, पोट साफ होत नाही, कामात लक्ष लागत नाही. मग आपल्यालाही लेकरांची माया नाही का? आहे की. म्हणजे हे मायेचं गणित नाही. गोष्ट दुसरीच आहे, आणि ती आपल्या कवटीच्या आत घडते. ती कळली तर काय केल्यानं व्यसन सुटतं, काय केल्यानं सुटत नाही आणि काय केलं तर जिवावर बेततं, हे तिन्ही कळेल.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण सव्वा ते दीड किलोचा असतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. चेतापेशी म्हणजे निरोप पोचवणारी पेशी. तिला एकीकडे मुळांसारखे बारीक फाटे असतात आणि दुसरीकडे एक लांब शेपूट. फाट्यांनी ती निरोप घेते, शेपटानं पुढं देते. पण गंमत अशी, की दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधे केसापेक्षाही बारीक फट असते. मग निरोप पलीकडं जातो कसा?

हे शोधलं ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञानं, १९२१ साली. त्यानं बेडकांची दोन हृदयं मिठाच्या पाण्यात जिवंत ठेवली. पहिल्या हृदयाच्या नसेला विजेचा हलका झटका दिला, तसं ते हृदय हळू धडधडायला लागलं. मग त्यानं त्या हृदयाभोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयावर सोडलं. या दुसऱ्याला कुणी हात लावला नव्हता, तरी तेही हळू झालं. म्हणजे नसेतून काहीतरी द्रव्य त्या पाण्यात उतरलं होतं. निरोप त्या द्रव्यानं पोचवला होता. आपल्या डोक्यातही तसंच चालतं. एक पेशी फटीत थोडं द्रव्य सोडते, समोरच्या पेशीवर त्या द्रव्यासाठी दारं असतात, आणि ज्याचं दार त्यालाच ते उघडतं.

व्यसनाची मेख इथंच आहे. तंबाखू, दारू, गांजा, ब्राऊन शुगर हे सगळे पदार्थ या दारांशी खेळ करतात. कुणी आपल्या द्रव्याचं सोंग घेऊन आत शिरतं, कुणी दार उघडंच धरून ठेवतं, कुणी बंद करतं.

आता दुसरी गोष्ट ऐका. १९५४ साली कॅनडात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. पिंजऱ्यात एक दांडी ठेवली. दांडी दाबली की तारेतून मेंदूच्या एका ठरावीक जागी हलका झटका बसायचा. उंदरांना ती दांडी अशी आवडली, की ते तासाला शेकडो वेळा ती दाबत बसले. पुढच्या प्रयोगांत तर भुकेले उंदीरही समोरचं अन्न सोडून दांडीच दाबताना दिसले.

ती जागा तुमच्या-माझ्याही मेंदूत आहे, खोल आत. आपण भुकेलेलो असताना भाकरी मिळाली, लेकरानं गळ्यात हात टाकले, की तिथं डोपामीन नावाचं द्रव्य सुटतं. ते मेंदूला सांगतं, हे चांगलं झालं, ध्यानात ठेव, पुन्हा कर. जगायला हे लागतंच. नाहीतर लेकरू दूध प्यायला शिकलं नसतं. पण दारू आणि तंबाखू हेच द्रव्य कष्टाशिवाय, मोठ्या लोंढ्यानं सोडायला लावतात. शेताला पाणी देताना पहिल्यांदा पाट काढावा लागतो. रोज त्याच वाटेनं पाणी सोडलं की पाट खोल होतो, आणि मग नुसतं दारं फोडलं की पाणी आपणहून तिकडं धावतं. व्यसन म्हणजे मेंदूत असा खोल पडलेला पाट.

आता मिश्रीकडं येऊ, कारण ती आपल्या हातातली गोष्ट आहे. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. आपण म्हणतो, दात घासतेय. पण मिश्रीनं दात स्वच्छ होत नाहीत, उलट हिरड्या सुटतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दात घासायला दोन मिनिटं पुरतात, मिश्री मात्र अर्धा तास तोंडात असते. तिच्यातलं निकोटीन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं. तिथं ते आपल्या एका नेहमीच्या निरोप्या द्रव्याचं सोंग घेतं आणि दारं उघडतं. क्षणभर तरतरी येते. पण मेंदू हुशार असतो. रोजच बाहेरून माल येतोय म्हटल्यावर तो आपला हिशोब बदलतो, दारांची संख्या वाढवतो. मग सकाळी ही सगळी वाढीव दारं रिकामी असतात आणि निकोटीन मागतात. त्यालाच आपण डोकं चढणं म्हणतो.

म्हणजे बघा, मिश्री लावल्यावर जी डोकेदुखी थांबते, ती बहुतेक वेळा काल लावलेल्या मिश्रीनंच आणलेली असते. पोट साफ होण्याचंही तसंच. आतड्याला निकोटीनच्या टोचणीची सवय लागते, टोचणी नसली की ते काही दिवस आळसावतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप उडते. तीन-चार आठवड्यांत त्रास बराच उतरतो, कारण वाढीव दारं हळूहळू कमी होतात. त्या दिवसांत सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, काकडी, पेरू ठेवा. तोंडाला चाळा हवा तर बडीशेप किंवा लवंग धरा. हात रिकामा वाटला तर दात ब्रशनं घासा. इच्छा उसळली की घड्याळात पाहून दहा मिनिटं दुसरं काम करा. ती लाट असते, येते आणि ओसरते.

घरात पोटुशी सून किंवा लेक असेल तर हे जास्तच ध्यानात ठेवा. मुंबईत बाराशेहून जास्त गरोदर बायांचा अभ्यास झाला होता. तो २००४ साली छापून आला. त्यांतल्या साधारण सतरा टक्के बाया तंबाखू लावत किंवा खात, आणि त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू म्हणजे मिश्रीच. त्यांची बाळं सरासरी शंभरेक ग्रॅमनं हलकी भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. तंबाखू तोंडात आईच्या, पण ती पोचते नाळेतून बाळापर्यंत.

आणखी एक. पोराला पुडी आणायला दुकानात पाठवू नका. माणसाच्या कपाळामागचा मेंदू, जो "थांब, विचार कर" म्हणतो, तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. "पुन्हा कर" म्हणणारा भाग मात्र कोवळ्या वयातच जोरात असतो. म्हणून पंधराव्या वर्षी लागलेली गोडी चाळिशीत लागलेल्या गोडीपेक्षा लवकर जडते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पोरांच्या खिशावर लक्ष घरानंच ठेवायचं असतं.

आता दारू. दारू एका दाराशी थांबत नाही. मेंदूला शांत करणारं जे द्रव्य आहे त्याचा जोर ती वाढवते, आणि जागं ठेवणारं जे द्रव्य आहे त्याला दाबते. म्हणून माणूस पायरी-पायरीनं उतरतो. आधी कपाळामागचा लगाम सैल होतो, जीभ सुटते. मग डोक्याच्या मागं खाली असलेला लहान मेंदू, शाळेच्या पुस्तकात ज्याला अनुमस्तिष्क म्हणतात, तो ढिला पडतो आणि चाल लटपटते. सोलापूर हायवेवर अशा माणसाच्या हातात मोटारसायकल देणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. मग आठवणी साठवणारा भाग बंद पडतो. आणि अतीच झाली तर श्वास चालवणारा भागही मंदावतो. दारू पिऊन गाढ पडलेला माणूस हलवून उठत नसेल, श्वास थांबत थांबत येत असेल, तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली, रात्री प्यालेल्या माणसाशी हिशोब मांडू नका. त्याचा लगाम सैल असतो आणि सकाळी त्याला त्यातलं फारसं आठवणारही नसतं. बोलायचं ते सकाळी, शुद्धीवर असताना, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर. दुसरी जास्त महत्त्वाची. "दारूच्या भरात मारलं" याला माफीचा कागद समजू नका. तोच माणूस त्याच भरात पोलिसाला मारत नाही, मालकाला मारत नाही. कुणाला मारायचं ते त्याला तेव्हाही कळतं. मेंदूचं शास्त्र व्यसन का जडतं ते सांगतं, मारहाण योग्य ठरवत नाही. अंगावर हात पडला तर ११२ आणि बायकांसाठीचा १८१ हे नंबर आहेत. शेजारणीला आधीच सांगून ठेवा.

आता जिवावर बेतणाऱ्या गोष्टी. पहिली आहे एकदम तोडणं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाविरुद्ध जोर लावून उभा असतो, गोठ्याचं दार कुणी बाहेरून ढकलत असेल तर आपण आतून खांदा लावावा तसा. बाहेरचं ढकलणं अचानक थांबलं की काय होतं? आतला माणूस तोंडावर पडतो. शपथ घेऊन दारू बंद केली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणी हाका मारतंय असं वाटतं. अशा वेळी घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय, आणि भगताकडं नेतात. तो उशीर जीव घेऊ शकतो. हे भूत नाही, ही दारू तुटल्याची लक्षणं आहेत आणि दवाखान्यात त्यावर औषध आहे. डॉक्टर मेंदू शांत ठेवायचं औषध देतात, ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. पिणाऱ्याच्या अंगातलं हे जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं आणि ते वेळेवर मिळालं नाही तर आठवण कायमची जाऊ शकते. म्हणून रोजचा पिणारा माणूस सोडतो म्हणाला, तर आनंदानं त्याचा हात धरा आणि आधी डॉक्टरकडं न्या.

दुसरी गोष्ट चोरून दिलेल्या औषधाची. भिंतीवर जाहिरात असते, "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा". बायका पदरमोड करून ती पावडर आणतात आणि आमटीत कालवतात. दारू सोडवण्याचं एक जुनं औषध आहे, डायसल्फिरम. डेन्मार्कच्या दोन शास्त्रज्ञांनी त्याचा हा उपयोग १९४८ साली जगापुढं मांडला. दारू शरीरात फुटताना मधे एक विषारी द्रव्य बनतं. एरवी शरीर ते लगेच संपवतं. हे औषध ते संपू देत नाही. मग त्यावर दारू पोटात गेली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणूस मरूही शकतो. म्हणून हे औषध माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, तपासण्या करून, डॉक्टरच देतात. नकळत दिलेल्या पुडीत हे औषध असेल तर तो विषप्रयोग ठरेल, आणि त्यात साधी राख असेल तर तुमचे पैसे गेले. दोन्हीकडून घाटा.

तिसरी हातभट्टी. तिच्यात मिथेनॉल मिसळलेलं असेल तर ते आधी डोळ्यांच्या नसांवर घाव घालतं. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूनं शंभरावर माणसं गेली. पिऊन आलेला माणूस "धुरकट दिसतंय" म्हणाला तर सकाळची वाट पाहू नका.

मग दारू सुटते तरी कशी? सुटते मैत्रिणींनो, आणि त्याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. येरवड्याला मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचट, ज्यांना सगळे अनिता म्हणत, आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी ते उभं केलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्याला पैशाचं बळ दिलं. त्या वर्षांत ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पुण्या-मुंबईच्या पोरांना गिळत होती. तिथं येणाऱ्याला रुग्ण न म्हणता रुग्णमित्र म्हणतात. उपचार साधारण पाच आठवडे, राहून. आधी औषधानं शरीर सावरायचं, मग काम, व्यायाम, गटात बसून मोकळं बोलणं. समजावणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं असतात. आणि बायकांसाठी तिथं सहचरी नावाचा वेगळा गट चालतो, कारण एक माणूस पितो तेव्हा सबंध घर आजारी पडतं.

पाच आठवडे कशाला, असं कुणी विचारेल. पाट एका दिवसात पडला नव्हता, तो एका दिवसात बुजणारही नाही. आणि बुजला तरी त्याची खूण राहते. म्हणून वर्षभरानंतरही एखाद्याचा पाय घसरतो. तेव्हा "सगळं वाया गेलं" म्हणू नका. साखरेच्या आजारात साखर वाढली तर आपण औषध सोडतो का? पुन्हा दवाखान्यात जातो, तसंच हे.

मेंदू ज्या जागेशी, ज्या वेळेशी, ज्या सोबत्यांशी नशा जोडून ठेवतो, ती जागा दिसली तरी डोपामीन उसळतं. अमेरिकेत याची मोठी साक्ष मिळाली. व्हिएतनामच्या लढाईत गेलेल्या सैनिकांपैकी जवळपास पाचातल्या एकाला तिथं हेरॉईनचं व्यसन जडलं होतं. ते परतले तेव्हा सरकार धास्तावलं. ली रॉबिन्स नावाच्या बाईंनी १९७१ पासून त्यांचा पाठपुरावा केला. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले अगदी थोडे पुन्हा व्यसनात पडले. ती जागा, ते दोस्त, ती भीती मागं राहिली होती.

आता आपल्या वारकऱ्यांकडं बघा. माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसं गावोगाव आहेत. त्यात श्रद्धेचं बळ आहेच. पण आणखी एक गोष्ट घडते. संध्याकाळी जो माणूस गुत्त्याच्या वाटेला लागायचा, तो आता टाळ घेऊन देवळात बसतो. वेळ तीच, सोबत बदलली. नुसती शपथ घेऊन जो पुन्हा त्याच कट्ट्यावर बसतो, त्याची शपथ त्याचा मेंदूच मोडतो.

म्हणून घरात काही साध्या गोष्टी करता येतात. पगाराचा किंवा पट्टीचा दिवस हा सगळ्यात धोक्याचा. त्या संध्याकाळी घरातलं एखादं काम, पाहुण्याकडं जाणं, पोराच्या शाळेचं काही ठरवून ठेवा. पैसे शक्यतो खात्यात येऊ द्या. कामावरून यायची वाट बदलता आली तर बदला. पोटात भूक असली की ओढ वाढते, म्हणून तिन्हीसांजेला आल्याबरोबर ताट वाढा. आणि गटानं मिळून मोठं काम करायचं तर आपल्या राज्यात आडव्या बाटलीचा नियम आहे. गावातल्या बाया गुप्त मतदानाची मागणी करू शकतात आणि नियमात ठरवलेलं बहुमत आडव्या बाटलीकडं झालं तर परवान्याचं दुकान बंद होतं. काही म्हणतात, दुकान बंद केलं तर माणूस दुसऱ्या गावाला जाऊन पिईल. काहीजण जातील. पण रोज येता-जाता डोळ्यांपुढं दुकान नसणं याचा सोडू पाहणाऱ्याच्या मेंदूला काय उपयोग होतो, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

हे तीन नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. व्यसनासाठी १४४४६. तंबाखू-मिश्री सोडायला १८००-११-२३५६. आणि मनाचा कसलाही त्रास असेल, नवऱ्याच्या पिण्यानं आपलंच डोकं फिरायची वेळ आली असेल, तर टेलिमानस १४४१६. तिन्ही फोन फुकट लागतात.

पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या वहीशेजारी आणखी एक पान आखा. ज्या बाईला मिश्री सोडायची आहे तिचं नाव, सोडल्याची तारीख, आणि रोज सकाळी तिला हाक मारणारी एक जोडीदारीण. गटानं कर्ज फेडायला जी साथ दिली, तीच इथं द्यायची. एका बाईनं चार आठवडे काढले, की मग घरधन्याला "सुटत नाही" म्हणायला तोंड उरणार नाही. आणि सोडताना काय होतं, हे त्याला सांगणारं माणूस घरातच असेल.